पट्ट्याचं नवं भोक

चामड्याच्या पट्ट्याला नवं भोक पाडायचं तर खिळा तापवावा लागतो. थंड खिळा ठोकला की चामडं चिरतं आणि पुढे ते भोक फाटत जातं. मी पक्कडीत खिळा धरून गॅसवर लाल केला, शेवटच्या भोकापासून अंगठाभर अंतर मोजलं आणि टेकवला. चर्र झालं. जळक्या चामड्याचा वास स्वयंपाकघरात दोन दिवस रेंगाळला. "अरे, नवा पट्टा घे की," बायको म्हणाली. पण नव्या पट्ट्यात ती मजा नव्हती. जुन्या पट्ट्यावर रिकामी पडलेली भोकं मला चारचौघांत दाखवायची होती. वय ४७ आणि सात महिन्यांत ८४ किलोचा ७३ झालेलो. तेवढं मिरवायचा हक्क होता माझा.

कसं केलं त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. रात्रीचं जेवण सोडलं, सकाळी नुसत्या चहावर भागवलं, आणि पाऊस असो वा नसो, रोज दीड तास चाललो. वजनकाटा पलंगाखाली. उठल्याउठल्या त्यावर चढायचं, आकडा बघायचा, मगच चूळ भरायची. आकडा खाली असला की दिवस चांगला जायचा. वर असला की घरात कुणी माझ्याशी बोलायचं नाही, किंवा मीच बोलायचो नाही. भेटेल तो म्हणायचा, "काय रे, किती उतरलास!" हे ऐकलं की अंगावर मूठभर मांस चढायचं. प्रत्यक्षात काय होत होतं, तर तेच मांस उतरत होतं. पण वजनकाट्याला चरबी आणि मांस यांतला फरक कळत नाही, आणि मला तो कळून घ्यायचा नव्हता.

कळला तो रेल्वेच्या डब्यात. बॅग वरच्या फळीवर टाकायची होती. फार मोठी नाही, चौदा-पंधरा किलोंची असेल. कमरेपर्यंत आली, छातीपर्यंत आली, खांद्याशी येऊन अडकली. हात वर जाईनात. खाली ठेवावी तर मागे रांग. त्या दोन-तीन सेकंदांत दंड थरथरायला लागल्याचं मला आतून जाणवत होतं, आणि बाहेरून सगळ्यांना दिसत होतं. मागून विशीतली एक मुलगी म्हणाली, "काका, मी धरते," आणि तिनं खालून एक हात लावून बॅग सहज वर सरकवली. मी थँक्यू म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो. ११ किलोंनी हलका झालेला माणूस, पट्ट्याला नवं भोक, आणि १५ किलोंची बॅग उचलवत नाही.

त्या प्रवासात मला सारखे नानांचे पाय आठवत होते. वडील त्याआधी दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियानं रुग्णालयात होते, दहा-अकरा दिवस. ताप गेला, छाती मोकळी झाली, घरी जायला सांगितलं. मी मोजे चढवायला बसलो. नानांची पोटरी हातात घेतली तर हाडाभोवती कातडीची सैल पिशवी असावी तशी ती हातात इकडून तिकडे सरकली. हा माणूस आयुष्यभर जिने चढलेला. "पाय कुठे गेले रे माझे?" नाना म्हणाले. मी हसून वेळ मारून नेली. दुखणं गेलं, पाय काही पूर्वीसारखे परत आले नाहीत. पुढे खुर्चीतून उठताना ते दोन्ही हातांनी हँडल दाबायचे आणि "हं" असा एक आवाज काढायचे. तोच आवाज मी हल्ली सोफ्यावरून उठताना काढतो, हे आगगाडीतल्या त्या तासाभरात माझ्या लक्षात आलं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, की नानांचं झालं ते विशेष नव्हतं. साठीपुढच्या धडधाकट माणसांना प्रयोगासाठी फक्त दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. आजार नाही, ताप नाही. तरी त्यांच्या दोन्ही पायांतून मिळून चरबी सोडून जवळजवळ एक किलो वस्तुमान गेलं. दहा दिवसांत! आणि हे उतारवयातलं झालं. आपल्यासारख्यांची गळती त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. तिशी उलटली की दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, ताकद त्याहून वेगानं घटते, आणि साठीनंतर उतार आणखी तीव्र होतो. या प्रकाराला नीटसं नावही १९८९ पर्यंत नव्हतं. अर्विन रोझेनबर्ग यांनी तेव्हा ग्रीकमधून 'सार्कोपेनिया' हा शब्द बनवला. सार्क्स म्हणजे मांस, पेनिया म्हणजे दारिद्र्य. मांसाचं दारिद्र्य. रोगांच्या अमेरिकी यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक मिळायला २०१६ उजाडलं. चाळिशी लागली की डोळ्यांवर चष्मा चढतो आणि जग म्हणतं, चालायचंच. पायांची चाळिशी मात्र दिसत नाही, कारण स्नायू जातात तिथे चरबी येऊन बसते आणि पँटचं माप तेच राहतं.

वाचता वाचता माझी एक आवडती सबब मोडीत निघाली. "चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो" हे मी इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते मला माझंच संशोधन वाटायला लागलं होतं. २०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: २९ देशांतले ६,४०० हून अधिक लोक, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत. शरीराचा आकार आणि घडण हिशेबात घेतली तर ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास सपाट राहतो. साठीनंतर दरवर्षी साधारण ०.७ टक्क्यानं घसरतो. म्हणजे चाळिशीत माझी भट्टी मंदावली नव्हती. माझं हलणं कमी झालं होतं, स्नायू कमी झाले होते, आणि ताटाला त्याची बातमीच नव्हती. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटतं हे खरं, चाळिशीच्या आसपासपासून वर्षाला एखाद्या टक्क्यानं. पण माझ्या ढेरीचा सगळा दोष त्याच्या माथी मारणं म्हणजे शेजाऱ्याच्या नावानं बिल फाडण्यासारखं होतं.

उलट्या टोकाची एक थापही इथेच सांगून टाकतो. स्नायू वाढवले की बसल्याबसल्या खूप कॅलरी जळतात, असं जिममध्ये छातीठोकपणे सांगतात. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला १३ च्या आसपास कॅलरी घेतो, एक किलो चरबी साडेचार. तीन किलो स्नायू कमावले तर दिवसाला ४० कॅलरी. अर्ध्याहून थोडं जास्त अंडं! एवढ्यासाठी कुणी घाम गाळू नये. स्नायू हवेत ते वेगळ्या कारणांसाठी. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवणारं सगळ्यात मोठं कोठार तेच आहे, आणि खुर्चीतून उठवतातही तेच.

तर माझे ११ किलो. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो. त्यात पाणी असतं, बाकीही काही असतं, पण स्नायूही असतात. म्हणजे पट्ट्याचं भोक पाडताना मी जे साजरं करत होतो त्यातले पावणेतीन किलो मला ठेवून घ्यायचे होते. शरीराच्या बाजूनं बघितलं तर त्याचं काही चुकलेलं नाही. आवक घटली की घर चालवणारा माणूस आधी काय बंद करतो? न वापरलेल्या खोलीतला दिवा. माझे खांदे, पाठ, मांड्या वर्षानुवर्षं खुर्चीत टेकलेल्या. चालताना पाय हलत होते, पण सपाट रस्त्यावर चालायला मांडीच्या ताकदीचा थोडकाच भाग लागतो. शरीरानं खोल्या मोजल्या आणि दिवे काढून टाकले.

वजन परत येतं तेव्हा काय येतं, हा यातला खरा बोचरा भाग. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्ध संपल्यावर उपाशी लोकांना पुन्हा खाऊपिऊ कसं घालायचं, हे शोधायचं होतं. ती मुलं स्वतःहून आलेली, लढायला नकार दिलेली. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शानं उतरलं. पण मला अडकवून ठेवलं ते पुढच्या भागानं. खाणं पुन्हा सुरू झाल्यावर चरबी आधी परतली, स्नायू रेंगाळत मागून आले, आणि स्नायू पूर्ववत होईस्तोवर चरबी पूर्वीपेक्षाही वर गेली होती. (हेच कीज पुढे १९७२ मध्ये वजन भागिले उंचीचा वर्ग या सूत्राला बीएमआय हे नाव देणार होते. सूत्र मुळात केतले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाचं, १८३० च्या दशकातलं. त्या सूत्रालाही चरबी आणि मांस यांतला फरक कळत नाही, पण ते असो.)

माझ्यावर तो प्रयोग घरच्या घरी झाला. रेल्वेच्या प्रसंगानंतर चालणं सुटलं, रात्रीचं जेवण परतलं, आणि आठेक महिन्यांत काटा ८० वर आला. ८४ पेक्षा चार किलो कमीच की, असं मी मनाशी म्हटलं. पण पट्टा खोटं बोलत नव्हता. ८४ किलोंना मी तो ज्या भोकात अडकवायचो, ८० किलोंनाही त्याच भोकात अडकवत होतो. चार किलो गेले होते, पण पोटावरचे नव्हेत.

मग मी जिममध्ये गेलो. लाजत, संध्याकाळी उशिरा, गर्दी ओसरल्यावर. तिथला प्रशिक्षक माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनीच मोठा. त्यानं वजनकाट्याकडे बघितलंही नाही. साधी खुर्ची ओढली आणि म्हणाला, "सर, हात छातीवर बांधा आणि पाच वेळा उठून बसा. जमेल तितकं भरभर." चौथ्यांदा उठताना मी पुढे झुकलो, गुडघ्यावर हात टेकावासा वाटला, टेकला नाही. घड्याळात १६ सेकंद. "पंधराच्या आत यायला हवं," तो इतकंच म्हणाला. ही कसोटी म्हाताऱ्यांची आहे, पंधराच्या वर गेलं की डॉक्टर सार्कोपेनियाची शंका घेतात, हे त्यानं मला तेव्हा सांगितलं नाही. बरं केलं.

त्यानं पाच किलोंचं डंबेल छातीशी धरायला दिलं आणि स्क्वॉट शिकवले. दहाचे तीन सेट. मग वाकून ओढायचं, मग डोक्यावर ढकलायचं. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी पाऊण तास. गंमत वाटली ती त्याच्या वहीची. साधी रेघांची वही. तारीख, वजन, रेप्स, म्हणजे एका दमात किती वेळा उचललं तो आकडा. मागच्या वेळी पाच किलो आणि दहा रेप्स जमले असतील तर या वेळी अकरा, पुढे बारा, मग साडेसात किलो आणि पुन्हा आठपासून. यात नवीन काही नाही. १९४० च्या दशकात थॉमस डिलॉर्म नावाच्या अमेरिकी लष्करी डॉक्टरनं जखमी सैनिकांचे गुडघे अशाच चढत्या वजनांनी उभे केले. त्याआधी अशा दुबळ्या गुडघ्यांना हलका व्यायाम देत. त्याच्याही आधीची ग्रीक दंतकथा आहे क्रोटोनच्या मायलोची, रोज वासरू खांद्यावर घेणाऱ्याची. वासराचा बैल झाला तरी तो उचलतच राहिला. माझ्या वहीत बैल यायचा होता, पण वासरू वाढत होतं.

शेवटच्या दोन रेप्सबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळा मामला तिथेच आहे. पहिले सहा-सात सहज जातात, त्यांत बोलताही येतं. आठव्याला श्वास आवाज करायला लागतो. नवव्याला मांड्या जळतात, आणि डोक्यात कुणीतरी अगदी समजूतदार आवाजात म्हणतं, की आज एवढं पुरे, ऑफिसात दिवस वाईट गेलाय. दहावा खालून वर येताना मध्येच थांबतो, डंबेल जागेवर, मी जागेवर, आणि मग इंचाइंचानं वर येतो. स्नायूंतले वेगवान, ताकदीचे तंतू अशाच वेळी पूर्ण कामाला लागतात, आणि वयाबरोबर आधी आकसतात तेही हेच. घसरताना सावरायला, बॅग एका झटक्यात वर टाकायला तेच लागतात. दीड तासाच्या चालण्यात मी त्यांना सात महिने हाकही मारली नव्हती. चालण्याला नावं ठेवत नाही, अजून चालतो. हृदयाला ते हवंच. पण चालणं आणि उचलणं ही दोन वेगळी कामं आहेत हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करायला सांगते. मी त्यातला चालण्याचा आकडा तेवढा वाचला होता.

उशीर झालाय का, असं मी त्या पोराला एकदा विचारलं. तो हसला. नंतर मला १९९० चा एक छोटा अभ्यास सापडला: बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातली दहा माणसं, सरासरी वय ९०. त्यांच्याकडून आठ आठवडे पायांचा जड व्यायाम करून घेतला. व्यायाम पुरा करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मी ४८ चा होतो. तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

खाण्याचं सगळ्यात अवघड गेलं. कमी खायचं होतंच, पण काय कमी करायचं हे उलटं निघालं. मी एक दिवस सगळं मोजून लिहिलं: प्रथिनं जेमतेम ४५ ग्रॅम. वजनं उचलणाऱ्यांसाठी शरीराच्या दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास फायदा थांबतो असं २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून काढलेलं आहे. ८० किलोंना म्हणजे १२८ ग्रॅम. एका अंड्यात सहा. माझं तोंडच उघडं राहिलं. शिवाय वय वाढलं की स्नायू प्रथिनांना थोडे बहिरे होतात. थोडं थोडं दिलं तर ऐकत नाहीत. दर जेवणाला ३० ग्रॅमच्या आसपास टाकावी लागतात तेव्हा कुठे हालचाल दिसते. मी सकाळी चहावर आणि दुपारी पिठूळ गोष्टींवर असायचो, प्रथिनं आलीच तर रात्री; आणि नेमकं रात्रीचंच जेवण मी बंद केलं होतं! आता सकाळीच अंडी, दूध, दही. दुपारी कडधान्यं किंवा मासे. मूत्रपिंडाचं काही दुखणं असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगी लावू नयेत. मी आधी रक्त तपासून घेतलं.

भूक ठेवायची, पण बेताची. रोज चारशेएक कॅलरी कमी, आठवड्याला अर्धा किलोही उतरला नाही तरी चालेल. पहिल्या खेपेला सात महिन्यांत जेवढं उतरवलं त्याच्या निम्म्याहून कमी या वेळी वर्षभरात उतरलं. धीर सुटायचा. एक गोष्ट मला अशा वेळी बरी वाटायची: चरबी जाते ती मुख्यतः श्वासावाटे. दहा किलो चरबी गेली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते, उरलेली पाणी होऊन. घामात वितळत नाही. रात्री अंधारात पडल्यापडल्या मी श्वास सोडायचो आणि वाटायचं, गेली थोडी.

झोपेचा धडा मात्र मी फार हट्टानं शिकलो. शिकागोत दहा माणसांना तेवढंच कमी खायला घालून एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास अंथरुणात राहू दिलं, प्रत्येकी दोन आठवडे. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं. पण कमी झोपेत उतरलेल्या वजनातला चरबीचा वाटा निम्म्याहून जास्त घटला, त्याची भरपाई चरबी नसलेल्या वजनातून झाली, आणि त्यात स्नायूही आले. पहाटे साडेचारला उठून चालणारा, रात्री बारापर्यंत फोन बघणारा मी! माझ्या शिस्तीचं कौतुक करणाऱ्यांना हे दाखवायला हवं होतं.

हल्ली भुकेवर ताबा आणणारी इंजेक्शनं आली आहेत. माझे दोन मित्र घेतात, भराभर उतरले. त्यांना मी एवढंच विचारतो, "काही उचलतोस का रे?" ते म्हणतात, "वेळ कुठाय." मी गप्प बसतो, कारण मीही हेच म्हणायचो.

वजनकाटा पलंगाखालून माळ्यावर गेला. महिन्यातून एकदा काढतो. रोजच्याला शिंप्याची टेप: पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. उंची १७२, म्हणजे ८६ च्या आत. वर्षापूर्वी ९५ होता, आता ८७. आत यायला अजून एक सेंटिमीटर आहे आणि तो हटत नाही. वजन ७६. म्हणजे पहिल्या खेपेपेक्षा तीन किलो जास्त, आणि तरी पट्टा त्याच खिळ्यानं पाडलेल्या भोकात बसतो. आता कुणी "किती उतरलास" म्हणत नाही. दंडाची बेडकुळी मी आरशासमोर एकटाच बघतो. तिचा आकार कौतुक करण्याजोगा नाही.

परवा जेवणानंतर खुर्ची मध्ये ओढली आणि मुलीला म्हटलं, घड्याळ लाव. हात छातीवर. पाच वेळा उठलो, बसलो. "नऊ सेकंद, बाबा," ती म्हणाली. मी छाती फुगवून उभा. मग तिनं मला बाजूला केलं, खुर्चीत बसली आणि फोनवर कुणाला तरी मेसेज टाइप करत करत पाच वेळा उठून बसली. सहा सेकंद. वर मान करून म्हणाली, "यात अवघड काय आहे?"